सदिच्छा : प्रमाण अज्ञात

रविवारी सकाळी सात वाजता माझ्या बहिणीचा वरचा ओठ ८.१ मिलिमीटर जाड होता. संध्याकाळी पाच वाजता तो ११.९ मिलिमीटर झाला. पुढच्या रविवारी तिचं लग्न होतं.

हे आकडे अंदाजाचे नाहीत. माझ्याकडे व्हर्नियर कॅलिपर आहे. आता, चांगल्या धडधाकट बहिणीचा ओठ सकाळी सात वाजता कोण मोजतं, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. त्या दिवशी मी म्बाक पालुपीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पालुपीताईला, लग्नाची भेट दिली होती : स्वतःच्या हाताने बनवलेलं ओठांचं मलम. मधमाशीचं मेण बारा ग्रॅम, खोबरेल तेल अठरा ग्रॅम, आणि सुगंधापुरतं किंचित दालचिनीचं तेल. ओठ मऊ होतात की नाही हे तपासायचं, तर मलम लावण्यापूर्वीची नोंद हवीच. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मला जेमतेम चार महिने झाले होते आणि नोकरी लागेपर्यंत ते शास्त्र गंजू नये, एवढीच माझी इच्छा होती.

"जरा चुरचुरतंय गं, वेनिंग," म्बाक पालुपी म्हणाली.

"म्हणजे काम करतंय," मी म्हणाले.

त्याच दुपारी बू दार्सिनाह, म्हणजे दार्सिनाहबाई, शृंगाराची रंगीत तालीम घ्यायला आल्या. जावातल्या आमच्या सोलो शहरात नवरीच्या कपाळावर काळी महिरप रेखणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण आमच्या घराण्यात आजीपासून बू दार्सिनाहच. त्यांनी महिरप रेखली, केसांत मोगऱ्याची जाळी बसवून पाहिली आणि शेवटी आपल्या पत्र्याच्या डबीतून बोटाने लाल रंग घेऊन नवरीच्या ओठांना लावला. तो रंग त्या स्वतः घरी करतात. डबी लग्नापर्यंत नवरीपाशीच ठेवायची आणि रोज थोडा रंग लावायचा, म्हणजे ओठांना सवय होते, अशी त्यांची पद्धत. त्या गेल्यावर म्बाक पालुपीने तो रंग पुसून दुसरी लिपस्टिक लावून पाहिली. ही नवऱ्या मुलाच्या, म्हणजे मास हांदारूच्या, थोरल्या बहिणीने पाठवलेली. लग्नात नवरीला द्यायच्या तबकांत शृंगाराचं एक तबक असतं, त्यातली ही नळी पसंतीसाठी आधीच आली होती.

आणि संध्याकाळी पाच वाजता ११.९.

आई खोलीत आली, तिने लेकीकडे पाहिलं आणि भिंतीला टेकली. "अरे देवा! हे काय झालं?"

"दोनपैकी एका लिपस्टिकने झालं," मी म्हणाले. "एक तर बू दार्सिनाहांची डबी, नाही तर सासरची नळी."

आईचा चेहरा जो काही झाला, तो मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं. डबी दोषी ठरवावी, तर तिच्या स्वतःच्या लग्नात महिरप रेखणाऱ्या बाईंचा अपमान. नळी दोषी ठरवावी, तर लग्नाआधीच लेकीच्या नणंदेशी वाकडं. बरं, डॉक्टरकडे न्यावं, तर लग्नाच्या आधीचा आठवडा नवरीने उंबरा ओलांडायचा नाही; आणि जे डॉक्टर घरी येऊन पाहू शकतात त्या एकमेव डॉक्टरांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि ते मास हांदारूचे सख्खे मामा आहेत.

"वेनिंग," आई हळूच म्हणाली, "तू शिकलेली आहेस. काय ते शोधून काढ. फक्त एवढं बघ, निकाल काहीही येऊ दे, दोघींपैकी कुणाचाही दोष निघता कामा नये."

असल्या अटीवर जगात कुणी संशोधन केलं असेल असं मला वाटत नाही.

सोमवारी मी काम सुरू केलं. रात्री आणि सकाळी माझं मलम जाडसर लावून आधी ओठ पूर्वस्थितीत आणायचे. मग डाव्या अर्ध्या भागावर नळी, उजव्या अर्ध्या भागावर डबी, आणि चार तासांनी माप. डावीकडे १२.४, उजवीकडे १२.४. मी थक्क झाले. पुन्हा मलम, पुन्हा प्रयोग. मंगळवारी सकाळी १३.०, १३.०.

"तुझ्या फदवीला आग लाव," म्बाक पालुपीने फोनवर टाइप करून मला दाखवलं. 'पदवी' हा शब्द तिच्या बोलण्यात आता तसाच यायचा, म्हणून तिने लिहितानाही तसाच ठेवला होता. मास हांदारूचा फोन आला की ती तोंडापुढे पंखा धरून नुसती मान हलवायची. तो बिचारा हिला लाजाळू समजून जास्तच प्रेमात पडत चालला होता.

दोन्ही बाजू सारख्याच सुजतात, याचा अर्थ एकच : दोन्ही रंगांत एक घटक सामाईक आहे आणि गुन्हेगार तोच. शिवाय या निष्कर्षात आईची अटही बसत होती, कारण दोष दोघींचा असला तर तो कुणा एकीचा नव्हता. आता फक्त दोन याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या होत्या. मी तक्ता आखला. नळीच्या खोक्यावर एकतीस घटक छापलेले होते; त्यांतली सात नावं मला, पदवीधर असून, एका श्वासात म्हणता आली नाहीत. डबीवर काहीच छापलेलं नव्हतं. झाकणावर एक हरीण होतं.

मंगळवारी बू दार्सिनाह नवरीला बघायला आल्या. त्या सोमवारीही येऊन गेल्या होत्या. सूज पाहून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, फक्त नाक किंचित वर करून म्हणाल्या होत्या, "आज घरात गोड मसाल्याचा वास छान येतोय हं." आई धावत स्वयंपाकघरात गेली होती आणि पाहुण्यांसाठी आणलेला थरांचा मसाला केक कापून तिने पुढे ठेवला होता. त्यांनी तो नम्रपणे केळीच्या पानात बांधून घेतला होता.

मंगळवारी त्या म्हणाल्या, "कालच्यापेक्षा आज वास जरा जास्तच आहे."

आईने दोन तुकडे दिले. "अगं, त्यांना फारच आवडलेला दिसतोय," ती मला आत येऊन म्हणाली.

मी संधी साधली. "बू, तुमच्या रंगात काय काय असतं हो? सहज विचारलं."

बू दार्सिनाह हसल्या. "थोडं मेण, पोरी. थोडं तेल. आणि बाकी सदिच्छा."

मी तक्त्यात लिहिलं : मेण, होय. तेल, होय. सदिच्छा, प्रमाण अज्ञात.

एवढ्यावर शास्त्र पुढे सरकत नाही. म्हणून मी विद्यापीठाच्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेत फोन केला. तिथे कळलं की मी आता विद्यार्थी नसून सामान्य जनता आहे, आणि सामान्य जनतेचा नमुना गल्लीप्रमुखाच्या पत्राशिवाय स्वीकारला जात नाही. ज्या प्रयोगशाळेत मी साडेतीन वर्षं घालवली आणि काचेच्या चार ब्युरेट फोडल्या, तिथे ही किंमत!

आमचे गल्लीप्रमुख पाक वागिमिन, म्हणजे वागिमिनकाका. निवृत्त आहेत, कवडे पक्षी पाळतात आणि सरकारी शिक्का बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. बुधवारी सकाळी मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणून तीनदा विनवलं.

"छे छे! माझ्या पोटातून शब्द बाहेर पडत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी छापील नमुना काढला. "कारण कोणतं लिहू? विवाह, मृत्यू, स्थलांतर की चारित्र्याचा दाखला?"

"इतर," मी म्हणाले.

"इतर मागच्या वर्षी काढून टाकलं. लोक काहीही 'इतर'मध्ये घालायचे."

"पण पाक, हे या चारांत कुठेच बसत नाही."

"लग्नासाठीच चाललंय ना हे सगळं? मग विवाह." त्यांनी खूण केली. "आता खाली 'दुसरा पक्ष' म्हणून रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर वर चालत नाही." आणि मी थांबवायच्या आत त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं : ओठांचे रंग, नग दोन.

म्हणजे माझ्या, कुमारी वेनिंगच्या, हातात सरकारी शिक्क्याचं पत्र होतं की माझा विवाह दोन लिपस्टिकशी होत असून त्यास गल्लीची हरकत नाही.

"जाता जाता," पाक वागिमिन म्हणाले, "माझ्या कवड्याची चोच फिकट पडलीये, तेही बघशील का?"

मी घरी पोचते न पोचते तो फोन किणकिणला. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाक वागिमिन यांची सूचना होती : 'सर्व रहिवाशांच्या माहितीसाठी. कुमारी वेनिंग या बू दार्सिनाह यांच्या ओठांच्या रंगाची विद्यापीठात तपासणी करवीत आहेत. सदर बाब गुप्त आहे. ओठ सुजलेल्या इतर महिलांनी ओळखपत्राच्या प्रतीसह संपर्क साधावा. आपल्या सहकार्याबद्दल आभार.' खाली दोन जोडलेल्या हातांची चित्रं.

सूचनेवर अंगठ्यांचा पाऊस पडत होता.

संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर अकरा लिपस्टिक जमल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. शेजारच्या बू यात्मींनी तीन आणल्या होत्या. "तपासून ठेव हं," त्या म्हणाल्या. "आणि ही गुलाबी मला शोभते का, तेही रिपोर्टात लिही. आमच्या ह्यांना दाखवायचंय."

"बू, ते रसायनशास्त्रात येत नाही."

"मग एवढी वर्षं शिकलीस तरी काय गं?"

त्या गडबडीत बू दार्सिनाह येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अकरा लिपस्टिककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागाची एक रेघही चेहऱ्यावर नव्हती, आणि ज्यांना आमच्याकडची माणसं माहीत आहेत त्यांना कळेल की याहून भयंकर काही नसतं. नवरीच्या खोलीत त्या दोन मिनिटं बसल्या. निघताना आईला एवढंच म्हणाल्या, "असला वास नवरीला सोसेल का हो?"

"खरंय, तिच्यासमोर खायला संकोच वाटत असेल त्यांना," आई हळहळली, आणि तिने मागून माणूस पाठवून उरलेला अख्खा केक त्यांच्या घरी पोचवला.

गुरुवारी मी प्रयोगशाळेत गेले. खिडकीवरच्या बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "दुसरा पक्ष कुठाय?"

मी नळी आणि डबी काउंटरवर ठेवली.

"ओळखपत्र?"

नळीच्या बुडाशी नोंदणी क्रमांक होता, तो त्यांनी उतरवून घेतला. डबी उलटसुलट करून पाहिली. "हिची नोंद नाही?"

"घरगुती आहे."

"मग नातेवाईक म्हणून लिहिते," बाई म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

आत पाक मुर्तोनो होते, प्रयोगशाळेचे जुने प्रमुख. त्यांनी माझ्या हातात एकही काचेची वस्तू न देता स्वतः काम केलं. पांढऱ्या पट्टीवर खाली दोन ठिपके ठेवायचे, एक नळीचा, एक डबीचा, आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, सोबत रंग चढतात, आणि एकच पदार्थ असेल तर तो दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतो. आम्ही बघत बसलो. नळीचा लाल चढला आणि थांबला. डबीचा लाल चढला आणि अगदी तिथेच थांबला. सोबतच्या गुलाबी कडेसकट.

"पाक, हा तर कारखान्यातला रंग आहे!" मी जवळजवळ ओरडले. तीन पिढ्यांची ती डबी, ते हरीण, ती सदिच्छा! बू दार्सिनाह घरच्या मेणात बाजारची लिपस्टिक वितळवत होत्या.

"दिसतंय खरं तसं," पाक मुर्तोनो म्हणाले. इतर तपासण्यांतही मेण निघालं, एरंडेल निघालं. "पण ओठ सुजवील असं यात मला तरी काही सापडत नाही. आणखी काही लावते का तुझी बहीण?"

"काही नाही. सूज उतरावी म्हणून दिवसातून चारदा माझं मलम, तेवढंच."

"त्यात काय असतं?"

मी अभिमानाने सांगितलं. पाक मुर्तोनोंनी पट्टी वाळायला ठेवली. "असं होय. दालचिनी. आमची बायको दालचिनी चहात घालते. चहात बरी वाटते."

"हो ना," मी म्हणाले. वय झालं की माणसं विषयांतर करतात. मी रिपोर्ट पिशवीत घातला आणि निघाले.

घरी आले तर आई, शेजारच्या बू यात्मी आणि पंखा घेतलेली म्बाक पालुपी अशा तिघी मधल्या खोलीत बसल्या होत्या. टेबलावर केळ्यांची एक मोठी फणी होती. कुणी वारल्यासारख्या त्या फणीकडे बघत होत्या.

ही फणी आमचीच होती. दहा दिवसांपूर्वी विडा आणि ही केळी घेऊन आई बू दार्सिनाहांना नवरी सजवायला या म्हणून सांगायला गेली होती. ती केळी ठेवून घेतली म्हणजे आमंत्रण स्वीकारलं. तेव्हा हिरवी होती, आता पिवळीधम्मक झालेली.

"त्यांची भाची ठेवून गेली," आई म्हणाली. "निरोप आहे : 'केळी छान पिकली आहेत, घरच्या मुलांनी खावीत.'"

एवढ्या गोड शब्दांत आमच्या लग्नाचा शृंगार संपला होता. मध्ये दोन दिवस उरले होते. सोलोतल्या कुठल्याही दुसऱ्या बाईने, बू दार्सिनाहांनी सोडलेली नवरी हातात घेतली नसती.

म्बाक पालुपीने पंखा खाली ठेवला. वरचा ओठ १३.८, मी नजरेनेच मोजला, कॅलिपर काढायची हिंमत झाली नाही. ती टाइप न करता बोलली, सावकाश, एकेक शब्द जुळवत. "मला लहानपणापासून बू दार्सिनाहांच्याच हातची महिरप हवी होती, वेनिंग." आणि ती रडली. रडताना ओठ दुखत होते, म्हणून ती नीट रडूही शकली नाही.

त्या क्षणी मला माझी पदवी कुठेतरी लपवावीशी वाटली.

ऊन उतरायच्या आत मी आणि आई नवी केळी घेऊन बू दार्सिनाहांच्या दारात उभ्या होतो. माझ्या पिशवीत रिपोर्ट होता, त्या दोन लाल ठिपक्यांसकट. खरं सांगते, वाटेत मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं : बू, माफ करा, पण तुमची तीन पिढ्यांची डबी...

त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. स्वतः घेतला नाही. आई माफी मागू लागली, बाई हळूच हात हलवून थांबवत राहिल्या. शेवटी आईला राहवेना. "बू, पोरीचं चुकलं. पण आम्ही तुमची काही कमी ठेवली का? केक आवडला म्हणालात, रोज दिला."

बू दार्सिनाह उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. आत केळीच्या पानांची दोन पुडकी होती, शेजारी अख्खा केक. कशालाही हात लावलेला नव्हता.

"नवरी सजवायच्या आधीचे दिवस मी उपास करते," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठीच. आजीच्या वेळीही केला, तुझ्या वेळीही केला होता. केक मागेन कशी मी?"

"मग तो वास..."

"केकचा नव्हताच गं. तुमच्याकडे केक तर मी बोलल्यावर आला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इतक्या प्रेमाने की मला पळून जावंसं वाटलं. "वास नवरीच्या ओठांना होता. दालचिनीचा. मी तीनदा सांगितलं. याहून मोठ्याने कसं सांगणार? धाकट्या बहिणीने हौसेने केलेली भेट."

मला पाक मुर्तोनोंचा चहा आठवला. मग माझी वही आठवली. मेण बारा ग्रॅम, तेल अठरा ग्रॅम, सगळं नीट; आणि दालचिनीच्या तेलापुढे आधी 'दोन थेंब', मग वास येत नाही म्हणून वर खरवडून लिहिलेले 'आणखी दहा'. तोंडाने मात्र मी आठवडाभर सगळ्यांना 'किंचित' सांगत होते. नळीने काही केलं नव्हतं, डबीने काही केलं नव्हतं. दिवसातून चारदा बहिणीचे ओठ मी स्वतः भाजत होते, आणि कॅलिपर लावून बघत होते की ते अजून बरे का होत नाहीत.

आई वळून माझ्याकडे बघत होती. दोघींपैकी कुणाचाही दोष निघाला नव्हता. तिची अट शब्दशः पाळली गेली होती.

मी पिशवीत हात घातला. रिपोर्टाची घडी हाताला लागली. ती तशीच खाली दाबली आणि तिच्या शेजारून डबी काढून दोन्ही हातांनी बू दार्सिनाहांपुढे ठेवली. "काही निघालं नाही हिच्यात," मी म्हणाले. "चांगली आहे."

बू दार्सिनाहांचे डोळे क्षणभर माझ्या पिशवीवर थांबले. मग त्यांनी केळी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मलम मी त्याच संध्याकाळी पुरलं. शुक्रवारी ११.०, शनिवारी ९.२. रविवारी सकाळी मी कॅलिपर काढलं, तर म्बाक पालुपीने ते माझ्या हातातून घेऊन कपाटावर फेकलं.

नवरी सुंदर दिसली. बू दार्सिनाहांनी खाली डबीतला रंग लावला आणि वरून नळी फिरवली. कुठला लाल कुठे संपतो हे कुणालाच ओळखता आलं नाही, आणि त्याचं कारण त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं. मास हांदारूच्या थोरल्या बहिणीला राहवलं नाही. "बू, काय अप्रतिम रंग! काय घालता हो डबीत?"

"या पोरीला विचारा," बू दार्सिनाह माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "शिकलेली आहे. विद्यापीठात तपासून आणलंय तिने."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. पाक वागिमिनसुद्धा, दाराशी.

"थोडं मेण," मी म्हणाले. "थोडं तेल. आणि बाकी सदिच्छा."

बायकांनी माना डोलावल्या. बू दार्सिनाहांनी माझ्या केसांतलं फूल नीट करायच्या निमित्ताने मला जवळ ओढलं आणि कानाशी विचारलं, "आणि तुझ्या डबीत, पोरी?"

"तेच, बू," मी म्हणाले. "फक्त सदिच्छा बारा थेंब पडली."